कडक आत्या कोणाची

मी, कुमुदिनी विद्याधर टेंबे, वय ७८, राहणार पश्चिम तांबरम, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. चिरंजीव शार्दूलने फोनवर आणून पाहिले, उपयोग झाला नाही. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी शार्दूलला. मुलगा गुणी आहे, फक्त घायकुता आहे.

२. कॉफीचा पितळी फिल्टर स्वयंपाकाच्या कनकाला. नातेवाईकांपैकी कोणी त्यावर डोळा ठेवू नये.

३. आता मुख्य गोष्ट. 'चौदा नंबरची टोळी' ही माझी अकरा पुस्तके. रेल्वे क्वार्टर नंबर चौदातली चार मुले आणि त्यांचा चेंडू जप्त करणारी कडक आत्या. एक कंपनी त्यावर टीव्ही मालिका काढणार आहे. त्यांच्या पटकथेत आत्या नाही, तिच्या जागी बोलणारा रोबो आहे. शार्दूल म्हणाला, "आई, हल्लीच्या मुलांच्या घरात आत्या असते कुठे? सही करून टाक." मी सही केलेली नाही आणि करणार नाही.

या पुस्तकांचे सर्व हक्क मी माझी नणंद शर्मिष्ठा, राहणार जॉर्ज टाउन, चेन्नई, हिला देते. मालिका होऊ द्यायची की नाही, झाली तर कशी, हे तीच ठरवील. शार्दूलने मध्ये पडू नये.

४. जी बाई अठ्ठावीस वर्षे आपल्याशी बोलत नाही तिला का, असे तो विचारील. कारण ती आत्या म्हणजे शर्मिष्ठा. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा तमिळचे एक अक्षर येत नव्हते. भाजीवालीशी आणि प्रसंगी सासूबाईंशीही माझ्या वतीने तीच भांडायची. पहिल्या तीन पुस्तकांची प्रुफे तिने लाल पेन्सिलीने तपासली. चौथ्यात मी तिलाच उचलून घातले: तिचा चष्मा, तिची छत्री आणि उठता बसता 'पोदुम', म्हणजे पुरे, म्हणण्याची तिची सवय. पुस्तक धो धो खपले. आमच्या कॉलनीतली मराठी पोरे तिच्या मागे "कडक आत्या, पोदुम!" असे ओरडत फिरू लागली.

ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "वहिनी, मी एवढीच आहे का हो?"

"अगं, गंमत आहे ती," मी म्हणाले.

"पोदुम," म्हणाली आणि सामान बांधून गेली. मी मात्र त्याच आत्यावर आणखी सात पुस्तके लिहिली. घरातली आत्या घालवली आणि पुस्तकातली वापरत राहिले. मला याची लाज वाटते. दोनदा जॉर्ज टाउनला गेले, तिने दार उघडले नाही, म्हणून हे कागदावर.

५. खरी शर्मिष्ठा चेंडू जप्त करायची आणि अर्ध्या तासात गच्चीवरून परत फेकायची. कोणाच्या डोक्यात बसला की पदर तोंडाशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. हसणारी आत्या खपणार नाही, म्हणून आठ पुस्तकांत मी तिला एकदाही हसू दिले नाही.

तेव्हा कंपनीला आत्या काढता येणार नाही. शर्मिष्ठेने काढली तर तो तिचा हक्क. मालिका बुडाली तरी बेहत्तर. ठेवली, तर आत्या कधी आणि कशावर हसते ते तिने सांगावे व कंपनीने तसेच दाखवावे.

६. अंमलबजावणी वकील गुरुमूर्ती करतील. कलम चार व पाच मात्र शार्दूलने जॉर्ज टाउनला जाऊन आपल्या आत्याला स्वतः मोठ्याने वाचून दाखवावे. मध्येच ती "पोदुम" म्हणेल. त्याने थांबू नये, शेवटपर्यंत वाचावे.

सही: कुमुदिनी विद्याधर टेंबे
तांबरम, १९ जून २०२५

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
१. गुरुमूर्ती, वकील
२. अलमेलू, शेजारीण (हिला मराठी येत नाही, सही करताना मी रडत होते एवढे तिने पाहिले आहे, आणि विचारल्यास ती खरे सांगेल.)