शहापूरच्या खानेसुमारीतून एकशे एकोणऐंशी नावे कमी करण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदार साहेब,
तालुका शहापूर, जिल्हा ठाणे
यांचे सेवेशी

अर्जदार : राघो धाकलू वेखंडे, निवृत्त शिक्षक, वय वर्षे ६७, राहणार खालची आळी, शहापूर.

विषय : नगरपालिका व नळ मिळण्यासाठी शहर उत्कर्ष मंडळाने सादर केलेली गावची खानेसुमारी ठाण्यास रवाना न करण्याबाबत, आणि नदीपलीकडील कातकरवाडीस एक नळ मिळण्याबाबत.

संदर्भ : मंडळाची यादी, तारीख ११ फेब्रुवारी १९३८. एकूण माणसे ४,००२. यादीचे हस्ताक्षर अर्जदाराचे.

महोदय,

१. हा अर्ज मी चार वेळा लिहून फाडला. पाचव्यांदाही तो नीट उतरेल अशी खात्री नाही. चाळीस वर्षे मी मुलांसमोर बोललो, पण मोठी माणसे समोर बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मंडळाच्या सगळ्या सभांना मी हजर होतो आणि खांबाशी बसून टिपणे घेत होतो. एकाही सभेत एक शब्द बोललो नाही. तेव्हा न बोललेले आता लिहितो, हा माझा दोष आधीच मान्य करतो.

२. मी गावाचा वैरी आहे असे या अर्जावरून आपणास वाटू नये. मंडळ तसेच म्हणणार आहे. शहापूर शहर व्हावे असे या गावात प्रथम कोणी लिहिले असेल तर ते मीच, असे म्हणण्याचे धाडस करतो. वाचनालयाच्या हस्तलिखितात माझा 'पन्नास वर्षांनंतरचे शहापूर' हा निबंध आहे. तो फारसा कोणी वाचला नाही, आणि वाचण्यासारखा आहे की नाही याची मलाही शंका आहे. पण त्यात मी हायस्कूल मांडले आहे, आसनगाव स्टेशनपर्यंत दुतर्फा झाडांचा रस्ता मांडला आहे, माहुलीकडे तोंड करून बसता येईल अशी बाग मांडली आहे. आणि सर्वांत आधी नळ. आपल्याच तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी माणूस आत वाकून चालेल एवढ्या जाड नळांतून मुंबईस जाते, आणि आमच्या बायका चैत्रात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी गोळा करतात. हे वाक्य निबंधात आहे. ते मंडळाने आपल्या पहिल्या अर्जात जसेच्या तसे घेतले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

३. गेल्या मार्गशीर्षात आपण चावडीवर म्हणालात की, वस्ती चार हजार भरत असेल तर प्रकरण वर पाठविता येईल. त्याच संध्याकाळी मंडळाची स्थापना झाली. भाताच्या गिरणीचे मालक गणूशेठ अध्यक्ष झाले. अक्षर बरे म्हणून यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी दोन नवे टाक काढले.

४. आठ दिवस घरोघर फिरून मोजणी केली. माणसे ३,६१२ भरली. हा आकडा खरा आहे. मी तो तीन वेळा पडताळला आहे आणि आजही त्याच्यासाठी शपथ घेईन. पुढचे आकडे मात्र तसे नाहीत.

५. चार हजारांस तूट पडते असे दिसताच गणूशेठना नदीपलीकडील कातकरवाडी आठवली. ही वाडी गावात आहे असे मी सदुसष्ट वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आता ती 'शहरातील पूर्वेचा भाग' झाली. गणूशेठ स्वतः नदी ओलांडून गेले आणि सर्वांना म्हणाले, "तुमी आमी एकाच गावची रे. नळ आला का तुमच्या दारात पन येल." वाडीतली माणसे कोळशाच्या भट्टीवर जायची थांबली, एक दिवसाचे काम बुडवून ओळीने उभी राहिली आणि नावे सांगितली. २११ माणसे. मोजणी खरी, माणसे खरी. मी हे विशेष नमूद करतो, कारण यादीत यापुढे जे आहे ते माणसांचे नाही.

६. अजून १७७ कमी पडत होती. ती कशी भरली हे लिहिताना मला किळस येते, पण सोबतच्या यादीचा अर्थ कळावा म्हणून थोडे लिहितो. गणूशेठची मुलगी कमळ हिला लग्नानंतर सासरी गिरजा म्हणतात. ती बाळंतपणास माहेरी आली आहे. यादीत ती मुलगी म्हणून कमळ आहे आणि पाहुणी म्हणून गिरजा आहे. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, त्याचा असा उपयोग होईल असे मला कधी सुचले नसते. गावात अशा एकतीस मुली सापडल्या. कमळच्या पोटातील मूलही घातले आहे, 'मुलगा, वय एक महिना'. पुढे तिला मुलगी झाली, तेव्हा मंडळाने मेहेरबानांच्या कचेरीकडे दुरुस्तीचा कागद पाठवून मुलाची मुलगी केली. मोजणीच्या दिवशी ते मूल जन्मलेलेच नव्हते, ही दुरुस्ती मात्र कोणी केली नाही. उरलेली नावे मेलेल्यांची आहेत. प्लेगमध्ये गेलेली, बाळंतपणात गेलेली, आणि एक तर काशीस गेलेला, ज्याचे पुढे काय झाले ते कोणासच ठाऊक नाही. लोक हसत हसत आपली मेलेली माणसे सांगत होते, आणि शेजारी आठवण करून देत होते, "अरे, तुझी थोरली काकू राहिली की."

७. आपले कारकून तपासास आले. त्यांचा यात काही दोष नाही. एका दिवसात एवढा गाव कोण तपासील? धोंडूबाई नावाची आमच्या आळीतली एक म्हातारी आहे. तिला त्या दिवशी तीन घरांत तीन सासवा म्हणून बसविले. प्रत्येक घरी तिला चहा मिळाला. तिसऱ्या घरी ती कारकुनांना म्हणाली, "बाबा, तुमाला आज तिसऱ्यांदा बघतंय मी. चा तुमीच घ्या, माझा प्वाट भरला." घरच्यांनी सांगितले की म्हातारीला भ्रम होतो. त्या दिवशी आळीत शुद्धीवर असलेले एकच माणूस होते आणि भ्रमिष्ट म्हणून तेच लिहिले गेले.

८. वाडीतल्या पुरुषांना शहरवासी दिसावेत म्हणून गिरणीच्या हमालांचे सदरे घातले होते. कारकून नदी ओलांडून परत गेल्यावर तिथेच, भर उन्हात, ते सदरे अंगावरून उतरवून घेतले आणि मोजून गाठोड्यात बांधले. मी शेजारीच उभा होतो. गाठ मारताना मंडळाचे चिटणीस मला म्हणाले, "मास्तर, जरा बोट धरा." मी बोट धरले. साहेब, गाठीवर बोट धरल्याची शिसारी मला अजून येते. जेवताना तो हात पुढे करवत नाही.

९. आकडा भरला त्या दिवशी गिरणीसमोर पेढे वाटले. वेशीला 'शहापूर शहर' असा फलक लागला. नगराध्यक्ष कोण, यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले. पुढे बांधावयाच्या टॉवरच्या घड्याळाला तोंडे दोन असावीत की चार, यावर एक पूर्ण सभा झाली. त्याच सभेत नळाचा नकाशा भिंतीला लावला. आठ नळ. एक गिरणीपाशी, एक देवळापाशी, दोन बाजारपेठेत, बाकीचे वरच्या आळीत. शहराची हद्द तांबड्या शाईने नदीच्या अलीकडच्या काठाने काढली होती. म्हणजे यादीत २११ माणसे शहरात आणि नकाशात तीच माणसे शहराबाहेर. दोन्ही कागदांवर एकाच मंडळाचा शिक्का आहे. मला वाटले आपण काही चुकीचे पाहतो आहोत. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. रेघ तिथेच होती.

१०. या महिन्यात नदी आटली. वाडीतली गोजर नावाची बाई मडके घेऊन बाजारतळाच्या विहिरीवर आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. चिटणीस म्हणाले, "गो, तुझी हद्द नदीपल्याड." ती म्हणाली, "मंग माझा नाव पन नदीपल्याड न्या." लोक हसले, पण चिटणीस हसले नाहीत. त्यांनी मडके ढकलले आणि ते फुटले. मी वाचनालयाच्या पायरीवर होतो, हातात पुस्तक होते. गोजर माझ्याकडे आली. तिने शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते. ती म्हणाली, "मास्तर, तुमी आमची नावा लिवलीत. माझा दाखवा." मी प्रत आणून तिला नाव दाखविले. तिने बोट लांबच धरले आणि म्हणाली, "येवढीशीच मी? तरी पन येवढ्याशा नावानं तुमचा नळ येतो ना?" मग म्हणाली, "लिवताना गावात, पान्याला रानात. असा कसा ओ, मास्तर?" चाळीस वर्षांत मुलांनी विचारलेला असा एकही प्रश्न मला आठवत नाही.

११. येथवर मी मंडळाचे दोष लिहिले. ते लिहिणे सोपे होते. आता जे लिहितो त्यासाठी आधीचे चार अर्ज फाडले.

मेलेल्यांची नावे घालण्याची युक्ती गणूशेठची नाही. ती माझ्यामुळे सुचली. मोजणी माझ्या घरापासून सुरू झाली. मी लिहिले : घर क्रमांक एक, राघो धाकलू वेखंडे, वय ६७. त्याखाली हात थांबलाच नाही. भागीरथी राघो वेखंडे, वय ६०. चाळीस वर्षे प्रत्येक कागदावर या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या, त्या सवयीने लिहिल्या गेल्या. माझी पत्नी वारून नऊ वर्षे झाली. चूक लगेच ध्यानात आली. बेरजेत मी तिला धरले नाही, पण ओळ खोडलीही नाही. सवय म्हणून लिहिले, हे खरे. खोडले नाही, ते मात्र सवयीने नव्हे. तिला नळाचे फार वेड होते. माझा निबंध ऐकताना हायस्कूल आणि बाग आली की ती जांभया देई, आणि नळाचे पान आले की म्हणे, "हा पुन्हा वाचा. नळ आला का पहिली कळशी माझी हां, सांगून ठेवतंय." मला वाटले, नळ येतो आहे तर तिचे नाव यादीत असू द्यावे. एका नावाने काय होते?

पुढे आकडा कमी पडला तेव्हा गणूशेठ यादी चाळत होते. पहिल्याच घरावर त्यांचे बोट थांबले. ते भागीरथीच्या तेराव्याला जेवले होते. माझ्याकडे बघून ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मास्तर, बेस सुचला तुमाला. आमी उगाच डोकी फोडीत व्हतो." मी 'चूक झाली' एवढे दोन शब्द बोललो असतो तर ते तिथेच थांबले असते. मी मान खाली घातली. त्यांनी तो होकार मानला. तेव्हापासून सभेत जो तो म्हणू लागला, मास्तरांनी वाट दाखविली.

१२. सबब या लोकांची जी किळस मी वर लिहिली, तिच्यात माझा वाटा आपण धरावा. खोट्या आकड्यावर उभे राहिलेले शहर मला नको. माझ्या निबंधात घड्याळाचा टॉवर नव्हता, आणि नदीच्या काठाने तांबडी रेघही नव्हती. पन्नास वर्षांनी कोणी शहापूरची जुनी कागदपत्रे उघडली, तर पहिल्या पानावर माझ्या अक्षरात मेलेली माणसे नळाला रांग लावून उभी दिसतील. हे माझ्या गावाचे पहिले पान होऊ नये.

१३. तरी मेहेरबानांस विनंती की :

अ) सदर यादी २ मे रोजी ठाण्यास जाणार असल्याचे समजते. ती थांबवावी, आणि सोबतची १७९ नावे कमी करून आकडा ३,८२३ धरावा. चार हजारांस १७७ कमी पडतात. गाव वाढतो आहे. आणखी चारपाच वर्षे थांबल्यास तेवढी खरी माणसे भरतील.

ब) कातकरवाडीची २११ नावे कायम ठेवावीत. नकाशातील तांबडी रेघ नदीपलीकडे न्यावी, आणि एक नळ वाडीत मांडल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये. दोन्ही गोष्टी होत नसतील तर वाडीची नावेही यादीतून काढावीत आणि त्या नावांचा कागद मजकडे द्यावा. मी तो गोजरला नेऊन देईन. तिचे नाव नदीपल्याड पोहोचविणे एवढे तरी मला करता येईल.

क) खोटी यादी लिहिल्याबद्दल कायद्यात जी शिक्षा असेल ती मला द्यावी. चौकशीत तोंडी जबाब मागितल्यास मी गडबडून भलतेच बोलेन अशी भीती आहे. त्या वेळी माझे बोलणे सोडून हा अर्ज खरा मानावा.

ड) नळ जेव्हा येईल तेव्हा येवो. पहिली कळशी भरण्याचा हक्क माझी पत्नी कै. भागीरथी हिने सांगून ठेवला होता. त्याला साक्षीदार मी एकटाच आहे. तो हक्क गोजर, राहणार कातकरवाडी, शहापूर, हिच्या नावे वर्ग करावा.

बोलायचे तेव्हा गप्प राहिलेला,
आपला अर्जदार
राघो धाकलू वेखंडे

शहापूर, तारीख २६ एप्रिल १९३८

सोबत :
१. फुटलेल्या मडक्याची एक खापरी, कागदात गुंडाळून.
२. गोजरचा अंगठा. अर्ज तिला वाचून दाखविला आहे. कलम ड ऐकून ती म्हणाली, "आधी बाईंच्या फोटोम्होरं ठेवीन कळशी, मंग घरी नेईन." माझ्याकडे भागीरथीचा फोटो नाही, हे मी तिला सांगितले नाही.
३. कमी करावयाच्या १७९ नावांची यादी. पहिल्या नावावर मी स्वतः रेघ मारली आहे. बाकीच्या आपण माराव्यात.