नावाचा रकाना

बुधवार संध्याकाळ, चौल

आज पुन्हा सगळं हिरवं. मासेमारी परवान्याच्या साइटची चाचणी सकाळी क्लाउडवर लावली. चाळीस ब्राउझरांवर, जुन्या-नव्या फोनांवर फॉर्म आपोआप भरला गेला. एकही लाल खूण नाही. मग बरं का वाटत नाहीये?

दुपारी शेजारची पार्वतीकाकू आली. तिचा त्याच साइटवरून भरलेला अर्ज परत आलाय, नाव आधारशी जुळत नाही म्हणून. परवाना संपलेला, त्यामुळे होडी चार दिवस खाडीत बांधून ठेवलीय. मी उघडून पाहिलं तर ‘नाव’ या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘हिंगलाज प्रसाद’.

“काकू, हे होडीचं नाव झालं. तुझं कुठंय?”

“होडीचा परवाना हाय ना गो? मंग होडीचंच नाव लिवनार. समुद्रात मी जाते काय?”

चूक तिची की माझी? चाचणीत त्या रकान्यात मीच माझं नाव घालून ठेवलंय. यंत्र चाळीस ठिकाणी तेच भरतं आणि चाळीस ठिकाणी हिरवं होतं. आमच्या ऑफिसात होडी आहे कुणाच्या घरी?

तिचा अर्ज दुरुस्त करून पाठवला. मग आमच्या टीमच्या सरांना कळवलं, तिथे ‘मालकाचं नाव’ असं हवं, लोक अडतायत. जास्त लिहायचं त्राण नव्हतं. लगेच उत्तर आलं, “कुठल्या ब्राउझरवर?”

“पार्वतीकाकूवर” एवढंच टाइप करून बसलेय.