हळदकुंकवाचं पत्र

॥ श्री ॥

उत्रोली, ता. भोर
३ ऑगस्ट २०२५

चि. रत्नास अ. उ. आ.

(तेरा दिवसांनी का होईना, मी मोठी आहे, शिवाय वहिनी आहे. आशीर्वाद निमूट घ्यावेत.)

सारोळ्याच्या फाट्यावर तुझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून आपण भोरच्या एसटीची वाट बघायचो, ते आज सकाळी उगाच आठवलं. माझ्या ट्रंकेचं झाकण आत गेलेलं, म्हणून बसायला नेहमी तुझीच. कॉन्व्हेंटात मराठी बोललेलं सिस्टरांना चालत नसे, त्यामुळे सुट्टीला फाट्यावर उतरलो की दोघींची तोंडं सुटायची. एकदा बोलण्याच्या नादात एसटी समोरून निघून गेली. पुढची दोन तासांनी. पुढे तुझ्या दादांशी माझं लग्न झालं, तेव्हा तू म्हणाली होतीस की आता गाडी चुकली तरी हरकत नाही, घर एकच आहे. दादांना जाऊन सहा वर्षं झाली. घर एकच आहे, माणूसही एकच उरलंय.

निवृत्त दुभाषीला सरकार पुन्हा बोलावतं, याचा मला अभिमान आहे आणि रागही. त्या देशाचं नाव पत्रात लिहायचं नाही, फोन करायचा नाही, पत्र दिल्लीला धाडायचं आणि तिथून ते सरकारी पिशवीतून जाणार, हे सगळे नियम मी फ्रिजवर चिकटवलेत. शेजारच्या सगुणाबाई रोज सकाळी भाकरी टाकायला येतात, त्यांनी विचारलं, ह्यो कसला देश, ज्याला नावच न्हाई. मी सांगितलं, दार लावून आत अणुबॉम्ब करत बसलेला देश आहे, आणि शेजारची राष्ट्रं त्याची समजूत घालतायत. आपल्या वकिलातीचं कोणाशीच भांडण नाही, म्हणून बोलणी तिथे, आणि मधे आमची रत्ना. त्या म्हणाल्या, मग शेजाऱ्यांनी आपापलं आधी भाईर काढून ठेवावं की. हे तुझ्या साहेबांना सांग.

इकडे आमचीही शिखर परिषद झाली. गेनबाने चर खणून खाचराचं पाणी कुंडलिकच्या रोपांत सोडलं. कुंडलिकने बांधाखालच्या मोरीत दगड घातला, पाणी तुंबलं. गेनबा म्हणे, आधी दगड काढ मग चर बुजवतो. कुंडलिक म्हणे, आधी चर. आठ दिवस दोघांचीही रोपं बुडालेली. शेवटी सगुणाबाई बांधावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, म्या तीन म्हनते, तवा दोघांनी एकदमच हात घालायचा. झालं. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण भात तरला.

जिना चढताना हल्ली मला दम लागतो. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला दाखवायला सांगितलंय. काळजीचं काही नाही. तू दिवाळीला येणार हे धरून चालले आहे.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
संजीवनी वहिनी

*

२५ ऑगस्ट २०२५

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

तेरा दिवसांचा मोठेपणा पोचला. पायावर डोकं ठेवलंय असं समज, गुडघे आता तेवढे वाकत नाहीत.

इथे सहा वाजता शहर गप्प होतं. रस्ते रुंद, स्वच्छ आणि रिकामे. माझ्या खोलीच्या खिडकीतून एक पूल दिसतो, त्यावरून दिवसाला किती माणसं गेली ते मी मोजते आणि मग मोजण्याची लाज वाटते. काम म्हणशील तर दिवसभर 'मी' म्हणत राहायचं. साहेब म्हणतात ते 'मी', समोरचे एक म्हातारे अधिकारी म्हणतात तेही 'मी'. संध्याकाळी खोलीत आल्यावर माझं स्वतःचं काही बोलायचं शिल्लक असतं का, हे तपासायला मी आरशासमोर मराठीत चार वाक्यं म्हणते. काल भाजीचे भाव म्हटले.

भांडण तुझ्या बांधावरचंच आहे. शेजारी म्हणतात, आधी अणुभट्टीला सील लावू द्या, कॅमेरे बसवू द्या, मग धान्य आणि तेल. हे म्हणतात, आधी धान्य. कोणीही बॉम्बचं नाव घेत नाही, सगळे 'तो विषय' म्हणतात. सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या पायातला दोष कोणी बोलत नाही, तसं.

१० ऑक्टोबरला माझी मुदत संपते. जागेवर येणाऱ्या मुलीचं नावही ठरलंय. पुण्याला दाखवलंस का, काय म्हणाले, हे सविस्तर लिही. काळजीचं काही नाही, हे वाक्य मी तुझ्या तोंडून पन्नास वर्षं ऐकतेय आणि एकदाही खरं निघालेलं नाही.

लोभाची उधारी चालू ठेव.

तुझी,
रत्ना

*

॥ श्री ॥

उत्रोली
९ सप्टेंबर २०२५

चि. रत्नास अ. उ. आ.

या वेळी थट्टा नाही. हृदयाची एक झडप खराब आहे. ऑपरेशन करून बदलायची. पुण्याच्या डॉक्टरांनी १८ नोव्हेंबर तारीख दिली आहे. वयाच्या मानाने धोका आहे, पण न केल्यास पुढचा पावसाळा दिसणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला ते आवडलं.

त्यांनी विचारलं, जवळचं कोण आहे. मी तुझं नाव सांगितलं. कुठे असतात, म्हणाले. मला सांगता आलं नाही.

रत्ना, मी तुला कधी काही मागितलेलं नाही. आता मागते. मुदत संपली की ये. मला भीती वाटते, आणि ती दाखवायला इथे कोणी नाही. सगुणाबाईंसमोर मी मास्तरीणच आहे. तुझी अडचण असेल तर तसं लिही. पुढच्या पत्रात याबद्दल काहीच नसेल, तर काम तुला सोडत नाही असं समजेन आणि पुन्हा विचारणार नाही.

सगुणाबाई म्हणाल्या, असल्या बातमीचं पत्र कोरडं धाडू नये. करंडा काढला आणि माझ्याकडे बघून थबकल्या, दादा गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. मग मीच बोट बुडवलं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलंय, जरा जास्तच झालं. झटकून वाच.

तुझी,
संजीवनी

*

६ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. म्हणजे तब्येत बरी आणि भाताची राखण जोरात, असं मी धरून चालले आहे.

तुझ्या गेनबा-कुंडलिकने इथे इतिहास घडवला. चहाच्या सुट्टीत ते म्हातारे अधिकारी पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, विचारलं, तुमच्या गावाकडे काय पिकतं. भात म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. मी बांधाची गोष्ट सांगितली. ते हसले, वहिनी. चार महिन्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या माणसांना पुन्हा सांगायला लावली. आता मसुद्यात आहे की सील आणि धान्याचं जहाज, दोन्ही एकाच दिवशी, एकाच तासाला.

म्हणून साहेबांनी विचारलं, डिसेंबरअखेर थांबाल का, या टप्प्यावर नवा आवाज नको. मी हो म्हटलं. एक दिवाळी चुकेल. सगुणाबाईंना सांग, त्यांचं 'तीन' आता पाच राष्ट्रं म्हणतायत. आणि अनारसे माझ्या नावाने चार जास्त खा.

रागावू नकोस, म्हणजे रागाव, पण पत्र लिहून रागाव.

तुझी,
रत्ना

*

उत्रोली
२३ ऑक्टोबर २०२५

श्रीमती रत्नाबाई यांस स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. मुक्काम वाढल्याचं कळलं. काम मोठं आहे, थांबलात ते योग्यच.

दिवाळी झाली. फराळ केला नाही. भातकापणी सुरू आहे.

सगुणाबाईंना निरोप सांगितला.

कळावे,
संजीवनी

*

४ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

मायना लिहीत नाही, वेळ नाही. तुझी दोन पत्रं आज एकाच तासात हाती आली. आधी २३ ऑक्टोबरचं उघडलं. 'श्रीमती रत्नाबाई' वाचून पाकिटावरचं नाव पुन्हा तपासलं. काय चुकलं ते कळेना. मग सुरक्षेच्या माणसाने दुसरं आणलं, जाड प्लास्टिकच्या पाकिटात. वर लिहिलं होतं, अज्ञात पिवळी व लाल भुकटी, तपासणी पूर्ण, धोका नाही.

नऊ सप्टेंबरचं. आठ आठवडे ते वाटेत कुठल्याशा कचेरीत पडून होतं. अणुबॉम्बच्या देशात जाणाऱ्या पिशवीतून भुकटी सांडली म्हणून हातमोजे घालून ते उघडलं, काचेखाली ठेवलं, इकडून तिकडे पाठवलं. त्या माणसाने मला गंभीरपणे विचारलं की हा पदार्थ कशासाठी वापरतात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला शब्द सापडला नाही.

मी 'हो' म्हटलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. हे तुला पटायला हवं.

आणि आता ऐक. गेल्या आठवड्यात बोलणी मोडली. सह्यांना तीन दिवस असताना यांनी समुद्रात क्षेपणास्त्र सोडलं, शेजाऱ्यांनी जहाज माघारी वळवलं, यांनी सीमा बंद केली. विमानं नाहीत, बाहेरचे फोन बंद. शेजारदेशातून आठवड्याला एक आगगाडी येते, तिच्यातून टपालाची पिशवी जाऊ देतात, माणूस नाही. मी साहेबांकडे गेले, अर्ज केला, रडले. शेवटी त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनाच गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझी मोठी बहीण सीमेपलीकडे आहे, आम्ही लहान असल्यापासून. मग उठून गेले.

तारीख पुढे ढकल. एक महिना. डॉक्टरांच्या पाया पड. पहिल्या गाडीने निघते.

रत्ना

*

॥ श्री ॥

उत्रोली
१५ नोव्हेंबर २०२५

चि. रत्नास अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. आधी खूप हसले, मग सगुणाबाईंना सांगितलं, त्या हसल्या नाहीत. डोक्यावरचा पदर तोंडात धरून बसून राहिल्या. त्यांना वाटतं, चूक त्यांची. मी म्हटलं, बोट माझं होतं. हे पत्र कोरडंच धाडते आहे, त्यांचीच आज्ञा.

पटलं गं. लगेच पटलं. तीन आठवडे तुझ्यावर रुसून मी स्वतःचीच सोबत घालवली, त्याचं वाईट वाटतं. रोज संध्याकाळी तुला सांगण्यासारखं काहीतरी मनात यायचं आणि मी ते दाबून टाकायची. आता ते सगळं एकदम आठवत नाही.

तारीख ढकलता येत नाही. विचारलं मी. पायांना सूज चढली आहे, डॉक्टर म्हणाले, आणखी महिना थांबलो तर मग ऑपरेशनला मीच नाही म्हणेन. परवा सकाळी टेम्पोवाला गोरख पुण्याला सोडणार आहे. सगुणाबाई सोबत येतायत. पुणं त्यांनी दोनदाच पाहिलंय, म्हणून मीच त्यांना धीर देते आहे, आणि त्यामुळे मला बरं वाटतंय. फॉर्मवर जवळचे नातेवाईक म्हणून तुझंच नाव लिहिलंय. सही सगुणाबाई करतील.

त्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांग. आणि बोलणी पुन्हा सुरू झाली तर माझ्यापायी सोडून येऊ नकोस असं लिहावं, ते शोभून दिसेल. पण मी ते लिहीत नाही. ये.

तुझ्या मायेची मला सवय झाली आहे, ती मोडू नको.

तुझी,
संजीवनी

ता. क. ही पिशवी केव्हा पोचेल, सांगता येत नाही. म्हणून व्यवस्था लिहून ठेवते.

कणगीतलं बियाणं गेनबाला, पेरायला, खायला नव्हे. यंदाचा आंबेमोहोर उतरला आहे, त्यातलं एक पोतं वेल्ह्याला तुमच्या चुलत घरी.

शिवणयंत्र आणि कोंबड्या सगुणाबाईंना. त्यांची नात शेफाली दहावीला आहे, तिला माझा मोठा शब्दकोश. तिच्याकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यायचं, ते मात्र तू.

भोरच्या कमळाबाई आणि मी बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो. त्यांना माझी काश्मिरी शाल. नको म्हणतील, तरी द्यायची.

हॉस्पिटलात अंगावरचं सगळं काढून एका पुडीत ठेवतात. चष्मा, घड्याळ आणि दादांची अंगठी असेल. ती पुडी सगुणाबाईंच्या हाती देतील. मी शुद्धीवर आले तर चष्मा लगेच मला. नाही आले, तर पुडी तुला. दुसऱ्या कोणाला ती उघडूही द्यायची नाही असं त्यांना बजावलंय, तुला यायला वर्ष लागलं तरी.