एक जास्तीचं वाक्य

१२ ऑगस्ट, रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीची तुम्ही उलटतपासणी घेतलीत आणि ती पळून गेली, असं वहिनी सांगत होती. निवृत्त झालात आता, सोडा की बिचारीला! इकडे सगळं ठीक. तुमचे जावई घर रंगवताहेत, म्हणजे भिंतींना कमी आणि स्वतःला जास्त.

शुक्रवारी मी एक निकाल दिला. तो पेपरात येईल आणि त्यात तुमचं नाव असेल. ते तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून लिहायला बसले, आणि गुडघा नि रंग करत बसले बघा.

एक शिवणकाम करणारी बाई आहे. शेजारच्या जोडप्याने कामासाठी परदेशी जाताना तान्ही मुलगी तिच्याकडे सोपवली. दोन वर्षं म्हणता म्हणता आठ झाली. आता ते परत आलेत आणि मुलगी मागताहेत. वाईट माणसं नाहीत हो. आई तर कोर्टात सारखी डोळे पुसत होती. पण मुलगी शिवणारीला आई म्हणते आणि आईला काकू.

मी त्या मुलीला चेंबरमध्ये बोलावलं. पाय हलवत खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी काही केलं का?"

"नाही गं."

"मग मला का पाठवताय?"

मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

आईबापांच्या वकिलाने तुमचा जुना निकाल माझ्यापुढे ठेवला. हक्क जन्मदात्यांचा, मूल कितीही मोठं झालं, कितीही रुळलं, तरी त्याने फरक पडत नाही. जुना निकाल पटला नाही तर आधी दोन खटल्यांतला फरक शोध, हे तुम्हीच मला शिकवलंत. शोधला. तुमच्या खटल्यातलं मूल कडेवरचं होतं, पुरतं रांगतही नव्हतं. माझ्यापुढची मुलगी तिसरीत आहे. मी खुर्चीतून उठलेच! पण ती वाट तुम्ही त्या 'कितीही मोठं झालं'ने आधीच बुजवून ठेवली होती. कडेवरच्या बाळासाठी त्या शब्दांची गरजच नव्हती. गरज नसलेलं वाक्य मला बांधत नाही, असं म्हणून सुटलेही असते, पण पुढे वरच्या कोर्टांनी नेमकं तेच उचललं, पुन्हा पुन्हा, आणि आता तोच कायदा आहे.

जेवताना तुम्ही किती रंगवून सांगायचात! राजाचे न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव जायचे, 'अशा भांडणात तुमच्याकडे काय करतात?' विचारायचे, परतल्यावर एकमेकांना निकाल सांगायचे, आणि एकाच्या निकालावर दुसऱ्याचा रचत कायदा वाढत गेला. दुसरीकडे सम्राटाने पंडित बसवले, सगळं एका पुस्तकात लिहवून घेतलं. न्यायाधीशाने कलम उघडायचं, झालं. त्यावर तुम्ही हसायचात. "पुस्तक लिहिणाऱ्यापुढे माणूस बसलेला नसतो. आपला प्रत्येक नियम कुणालातरी समोर बसवून झालाय." जावई त्या पुस्तकवाल्या देशात शिकलेले. ते म्हणतात, "आमच्या पुस्तकात एकच ओळ आहे, मुलाचं भलं आधी. तुमच्या कोर्टात मात्र खुर्चीवर एकजण बसतो आणि निकाल भलताच निवृत्त माणूस देतो." मी चिडले. आणि तुमचा निकाल पुन्हा उघडून बसले.

मग बाबा, ते 'कितीही मोठं झालं'चं वाक्य लिहिताना तुमच्यापुढे कोण बसलं होतं?

मी निकालाची तारीख पाहिली. त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला, जिने वाढवलं त्या आत्याकडून, परत आणलंत. आई बरी झाली होती, तुमच्या बदल्या थांबल्या होत्या, आणि मी तिसरीत होते. गाडीत मी रडले नाही, कारण आत्याने बजावलं होतं, "रडलीस तर बाबांना वाईट वाटेल." मग आपण दोघांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

तुम्ही मला न्यायला नको होतं, असं मी म्हणत नाही. पण ती आपल्या घरातली गोष्ट होती. तुम्ही ती निकालात घातलीत आणि ती कुणाकुणाच्या घरात शिरली. त्याचं मला फार वाईट वाटतं, बाबा.

मी नियम पाळला. मुलगी आईबापांकडे गेली. माझा जीव कळवळला म्हणून मी नियम मोडला, तर उद्या दुसऱ्या कुणा न्यायाधीशाचा एखाद्या बड्या माणसासाठी कळवळेल. हेही तुमचंच, आणि ते खरं आहे. शेवटी मात्र एक परिच्छेद लिहिला. मी बांधलेली आहे म्हणून हे पाळते आहे, मला हे पटत नाही, वरच्या कोर्टाने पुन्हा विचार करावा. तुमचं नाव तिथे आहे.

शिवणारी आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तिच्या फ्रॉकांना खाली दुमड ठेवलीय. उंच झाली की उसवा म्हणावं." मी सही केली आणि चेंबरचं दार लावून घेतलं.

आत्या शेवटच्या आजारपणात विचारायची, "तुझा बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलला का गं?" मी विषय बदलायचे. आता ती नाही, म्हणून माझ्यासाठी विचारते. ते वाक्य माझ्यासाठी होतं का? निकालासारखं उत्तर नको, कारणं नकोत. नुसतं हो किंवा नाही लिहा. हो असलं तरी सुट्टीत मी येणारच आहे.

तुमची, आणि तिचीही,
मुलगी