बर्फातल्या कुत्र्याचा पोळा

आबा, आपल्या घरात सध्या बर्फातला एक कुत्रा आहे. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून तो पडलेला असतो. मी दारातून डोकावलो की एक निळा डोळा उघडतो, मला पाहतो आणि पुन्हा मिटतो. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "हे कोनाचं जनावर आनून ठिवलं रे?" कोणाचं नाही आबा, माझंच आहे. मीच हट्टाने मागून घेतलं. आज खांदशेकणी, बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचा दिवस, उद्या पोळा, आणि परवा सकाळी चिखलदऱ्याहून एक गाडी त्याला न्यायला येणार आहे. येणार म्हणजे, मी हो म्हटलं तर. "बाबा, कुत्रा तुमचा हाय, तुमीच सांगा," एवढं बोलून मुलगा दुकानात निघून गेला. सकाळपासून ते एक अक्षर माझ्या तोंडातून निघत नाही, म्हणून तुम्हांला लिहायला बसलोय.

मंगरूळची ती दुपार तुम्हांला आठवत असेल का? मला तर अलीकडे तीच तेवढी आठवते. घरात नवीन रंगीत टीव्ही आलेला. तुम्ही इंझोरीच्या मळ्यातून एसटीने आलात, पिशवीत वांगी, मेथी आणि वर सांबाराची जुडी, त्या कोथिंबिरीचा वास खोलीभर. बाहेर उन्हाने डांबर वितळतंय, कूलर घरघरतोय आणि टीव्हीवर सगळीकडे बर्फ. पांढऱ्या रानातून लाकडी घसरगाडी चाललीय, तिला कुत्र्यांची लांब रांग जुंपलेली, मागे एक दाढीवाला उभा. तुम्ही भिंतीला टेकून मेथी निवडताय. "हे गोरे हिंदी बोलून राह्यले का?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, आवाज मागून भरलेला असतो. तुम्ही मान हलवलीत. मेथीची काडी हातात तशीच. कुत्र्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, छातीवरचे पट्टे ताणलेले होते, एक लंगडत होता तरी ओढत होता. तुम्ही हळूच म्हणालात, "यायचा पोया कवा असते रे?"

कुत्र्यांचा पोळा! मी हसलो, आबा. पोट धरून हसलो. तुमची सूनही स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "हासू नोको. एवढं वढून राह्यले बिचारे. एक दिस तं कोनी म्हनत असन, आज नोको वढू." आणि पुन्हा मेथी निवडायला लागलात. पुढे कितीतरी वर्षं, वर्गात बैलावरची कविता शिकवायची वेळ आली की मी तुमचा तो प्रश्न मुलांना सांगायचो. तुमच्यासारखा आवाज काढून. पोरं खिदळायची, तास रंगायचा. शिक्षकांच्या खोलीतही मी तो चहाबरोबर वाटला. चांगला शिकवतात हो मास्तर, असं माझं जे नाव झालं, त्यात तुमच्या त्या प्रश्नाचाही वाटा आहे.

खरं तर माझ्या हातात कासरा देऊन तुम्ही मला हे आधीच शिकवलं होतं. मोट चालायची तेव्हाची गोष्ट. बैल धावेवरून खाली जायचे, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात पडायचं, आणि त्या येण्याजाण्याला असा ताल असायचा की शाळेतली कुठलीही कविता त्यात बसायची. मी डोळे मिटून कविता म्हणतोय, बैल चालतायत, पाट फुटून वांग्यांत पाणी घुसलंय, मला पत्ता नाही. तुम्ही लांबून ओरडत आलात, "बैलाले कविता आयकवून राह्यला का? अरे, तिकडं वाफा फुटला ना बे!" मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण तुमची नजर पाण्यावरून बैलाकडे गेली आणि तुम्ही थांबलात. माझा हात धरून पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर दाबलात. जुवाखालचं कातडं सुजलेलं, तव्यासारखं गरम. "लागते का हाताले? तुया कवितेत हे आलं का?" त्या दिवशी तुम्ही जू उतरवलंत. वाफे अर्धे कोरडे राहिले. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कविता म्हणतच होतो. माझं हे असंच, आबा. शिकलेलं माझ्या हाताला कळतं, डोक्यात मात्र टिकत नाही.

बर्फ मी आयुष्यात पाहिला नाही. कवितेत वाचला, फळ्यावर लिहिला, पोरांकडून पाठ करून घेतला. निवृत्त झाल्यावर, तुमची सून गेल्यावर, दुपारी काय करायचं म्हणून मी ते सिनेमे पाहू लागलो. ज्यात कुत्रे घसरगाडी ओढतात, ते सगळे. आधी टीव्हीवर, मग मुलाने दिलेल्या मोबाइलवर. पाहता पाहता मी जातीही ओळखायला लागलो. सडपातळ, हलका, निळ्या डोळ्यांचा तो सायबेरियाचा हस्की. रुंद छातीचा, भारदस्त, डोळे कायम तपकिरी, तो अलास्काचा मालाम्यूट. हस्की पळायचा, हा ओझं ओढायचा. पांढराशुभ्र, हसऱ्या तोंडाचा तो सामोयेड. माझी सून चहा घेऊन आली की मी तिला सांगायचो, "हे बघ, गोष्टीत म्हणतात हा लांडगा आहे, पण हा मालाम्यूट आहे. शेपटी पाहा कशी पाठीवर वळली." ती म्हणायची, "बाबा, लांडगा असो का कुत्रं, चहा थंडा होऊन राह्यला." माझ्या एवढंही लक्षात आलं होतं की सिनेमावाले देखणा कुत्रा निवडतात. ज्यांनी खरं ओझं ओढलं ते पुष्कळदा राकट, मळकट, मिसळ जातीचे; पडद्यावर येतो तो निळ्या डोळ्यांचा. मला हे कळत होतं. तरी मुलाने गमतीत विचारलं, "बाबा, वाढदिवसाले काय पाहिजे?" तेव्हा मी मोबाइलच्या काचेवर बोट ठेवलं. "हा. निळ्या डोळ्यांचा."

त्याने नागपुराहून आणला. हिवाळा होता. अंगणात थंडीत तो असा काही नाचायचा की रस्त्याने जाणारे थांबायचे. "मास्तर, लांडगा पोसला का जी?" "मास्तर, याले मराठी समजते का?" मी ऐटीत सांगायचो, कुठल्या सिनेमात असला कुत्रा किती बर्फ तुडवतो ते. शिमगा झाला आणि चित्र बदललं. ऊन चढलं तसा तो जिभेनेच जगू लागला. कूलर त्याच्यापुढे लावला. सून म्हणाली, "कूलर त्याले, पंखा आमाले, वा बाबा!" पण रागाने नाही, लाइट गेली की तीच ओलं पोतं त्याच्या पोटाखाली सरकवायची. आणि मग मला अक्कल सुचली. गावाबाहेर मेंढरं बसली होती आणि धनगर कातरणी करत होता. मला वाटलं, मेंढरू कातरलं की सुटतं, मग हा का नाही? मी त्याला घरी बोलावला. तो कुत्र्याकडे पाहून हसला, "मास्तर, हे कोनतं मेंढरू?" दोघांनी धरलं, त्याने कातर चालवली, अंगणात पांढऱ्या-करड्या केसांचा ढीग पडला. "आता पाहा कसा गारेगार झोपते," तो म्हणाला. मीही तेच म्हणालो. त्या ढिगाकडे पाहून मला बर्फाची ओळही सुचली होती, आबा. इतका मी शहाणा.

दोन दिवसांत त्याची पाठ लाल झाली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. "काका, केस कायले कापले?" त्यांनी कपाळाला हात लावला. "या जातीले दोन थर असतात केसांचे. थंडीही तेच अडवते अन् ऊनही. तुमी त्याचं छप्पर काढून टाकलं." मग जाताना, चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढचा उन्हाळा हा इथं काढन असं मले वाटत नाई." तेव्हापासून मुलगा शोधत होता. चिखलदऱ्याला त्याच्या मित्राचं घर आहे, मोठं आवार, हवा थंड, त्यांच्याकडे याच जातीची एक कुत्री आहे. ते न्यायला तयार आहेत. मीच आज-उद्या करतोय. पाऊस पडू दे, म्हणालो. राखी होऊ दे, म्हणालो. शेवटी म्हणालो, पोळा होऊ दे.

का, ते तुम्हांला सांगतो. मुलाला नाही सांगितलं. पहाटे गारवा असतो तेव्हा मी त्याला मानोरा रस्त्याने फिरायला नेतो. मी त्याच्यासाठी छातीवरून, खांद्यांवरून जाणारा पट्टा आणलाय, सिनेमातल्यासारखाच दिसणारा. तो पुढे, मी मागे, आणि तो ओढतो. त्याच्या रक्तातच आहे ते. मी काठी बगलेत धरतो, दोरी सैल सोडत नाही, आणि हा म्हातारा पावलं न टाकताच चालल्यासारखा चालतो. दोन्ही बाजूंना सोयाबीनवर धुकं असतं, पांढरं. मी कविता म्हणतो. त्याच्या पावलांना ती बसते. रोज मी तिथे थोडा वेळ दुसऱ्याच देशात असतो. तो हाफायला लागतो तेव्हा मी म्हणतो, "अजून थोडं. त्या निंबापर्यंत."

आज पहाटे तो निंबाच्या अलीकडेच बसला. पट्टा काढावा म्हणून मी हात घातला आणि माझा हात तिथेच राहिला. केस धड वाढलेलेच नाहीत. उघड्या कातड्यावर पट्टा घासून घासून खांदा सुजला होता. गरम होता. डोळे मिटले असते तर मी म्हटलं असतं, हा पांढऱ्याचा खांदा आहे, आणि माझ्या हातावर तुमचा हात आहे.

आपल्या घरी आता बैल नाहीत. मळ्यात ट्रॅक्टर येतो, काम करून जातो. पोळ्याला सून मातीची जोडी आणून पाटावर पुजते. तिचे खांदे कोणी शेकत नाही. पण दिवेलागणीला मी वाटीत तूप-हळद कोमट केली आणि मागच्या बांधावरून पळसाची पानं तोडून आणली. सून विचारते, "बाबा, कोनासाठी?" मी म्हटलं, "असंच." न्हाणीघरात जाऊन त्याच्याशेजारी बसलो. पान बुडवून खांद्यावर ठेवलं, तुम्ही ठेवायचात तसं, घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. बैल डोळे मिटून उभे राहायचे. याने मान वळवली आणि सगळं तूप चाटून टाकलं. मी पुन्हा लावलं, त्याने पुन्हा चाटलं. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. पट्टा मी खुंटीवर टांगलाय. उद्या फिरायला नाही. मुलगा दुकानातून आला की त्याला हो सांगणार आहे, आणि हेही, की तो पट्टा बरोबर द्यायचा नाही.

तुम्ही विचारलं होतं ना, यांचा पोळा कधी असतो? उद्या आहे, आबा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलं एक लिहून टाकतो. शेकून झाल्यावर खांद्यावर हात ठेवून मी ते म्हटलं, तुम्ही प्रत्येक बैलाच्या कानाशी म्हणायचात ते: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुम्ही सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असं म्हणायचात. मी मात्र आधी न्हाणीघराचं दार लोटून घेतलं, नळ सोडला, आणि मग म्हटलं. सून ऐकेल, हसेल, अशी मला भीती वाटली.