दोन खुणांमधलं

१४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे हातीपायी धड आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं "बरं, बरं" म्हणतेस आणि मागे शिलाई मशीन चालूच असतं. मग तू ऐकतेयस की बाही जोडतेयस, ते मला कळत नाही.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं, म्हणजे आमचं घर किती अस्वच्छ आहे ते दिसतं. सकाळपासून फडकं घेऊन फिरत असते. मी बरी आहे. प्रयोगशाळेत नवा एसी बसला, पण आमच्यासाठी नव्हे, उंदरांसाठी. आमच्या डोक्यावर तोच घरघरणारा पंखा. ठकीला कॉलेज आवडलं का? अठरा वर्षांची झाली आपली पोर, खरं वाटत नाही.

एवढं लिहून मी उठले आणि चहा करून आले. आता मुद्द्याचं.

दादा गेला तेव्हा मी परगावी शिकत होते. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इस्पितळातलं बोलणं मला पुढे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "हृदय तपासायला ठेवून घेऊ का?" आई म्हणाली, "माझा मुलगा मला अख्खा द्या." आणि तू म्हणालीस, "ठेवा. धडधाकट माणूस पळता पळता कोसळतो, तो का, ते कुणाला तरी कळू दे."

दादाला रोज सकाळी पळायला तूच धाडायचीस, त्यात हे. तेवढ्यावरून तुझं आणि आईचं तुटलं. "आधी माझ्या पोराला पळवून पळवून मारलं, मग चिरायला दिलं." आईचे हे शब्द तुझ्या कानातून गेले नसणार. ठकीचं बोट धरून तू निघालीस, दुकान थाटलंस, आणि आमच्याबद्दल कुणाजवळ वाकडा शब्द काढला नाहीस.

वहिनी, तू तेव्हा "ठेवा" म्हणालीस, त्याचे आभार मानायला हे पत्र आहे.

जपून ठेवलेल्या त्या तुकड्यातून दादाच्या एका जनुकातली चूक सापडली. जनुक म्हणजे अंग कसं शिवायचं त्या सूचनांमधली एक ओळ समज. ही ओळ उंदरांतही असते. पण ती सरसकट सगळ्या अंगातून काढली, तर पिल्लं पोटातच मरतात. मग मोठेपणी ती काय काम करते, हे कळायचं कसं? म्हणून आमच्या बाईंनी वेगळे उंदीर तयार करायला घेतले आणि मी त्यांच्या हाताखाली लागले. (बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मायाळू आहेत, पण आकडा चुकला की काही खरं नाही.)

तू कापडावर खडूनं दोन खुणा करतेस ना, इथून इथपर्यंत कापायचं म्हणून? तशा त्या ओळीच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या. नुसत्या खुणांनी कापड फाटत नाही. उंदीर मजेत वाढतो, खातो, चावतो. मला दोनदा चावलाय. कात्री ठेवलीय ती फक्त हृदयाच्या स्नायूत, आणि तीही झोपलेली. उंदीर मोठा झाला की आम्ही एक औषध टोचतो. मग कात्री जागी होते आणि दोन खुणांमधलं तेवढं कापते. बाकी सगळ्या अंगात ती ओळ जशीच्या तशी, फक्त हृदयात नाही.

औषध टोचल्यावर निम्म्यांच्या पिंजऱ्यात मी पळायचं चाक ठेवलं. बाई म्हणाल्या, "चाक कशाला मध्येच?" मी म्हटलं, "हवंय, बाई." कुणाला हवंय ते सांगितलं नाही.

चाकवाले रोज पळाले. बिनचाकवाले खाऊन भुशात लोळले. काही महिन्यांनी दोघांचीही हृदयं फुगली, भिंती पातळ झाल्या, आणि तेही एकाच सुमाराला. ज्यांच्यात खुणा होत्या पण कात्री नव्हती, ते हवं तितकं पळाले आणि ठणठणीत राहिले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे दादाबद्दल शपथेवर काही सांगता येणार नाही. बाईंनी ऐकलं तर माझा कान धरतील. पण जे बसून राहिले, तेही गेले, वहिनी. तू त्याला घरी बसवून ठेवलं असतंस, तरी तो गेलाच असता असं मला वाटतं.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला दाखव." उंदरांच्या खोलीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून माझ्या टेबलाशी बसवून तिला सोनोग्राफीची चित्रफीत दाखवली. पडद्यावर ते इवलंसं हृदय कसंबसं आकसत होतं. आई नव्या डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिली.

"हा पळत होता?" तिनं विचारलं.

"नाही, आई. हा बसूनच होता."

"आणि तरी?"

"तरी."

तिनं पदर तोंडाला लावला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा उठून बाहेर गेला, शहाणा आहे. मग आई म्हणाली, "मी तिला काय काय बोलले गं. मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि ती समोर होती." घरी येताना रिक्षात म्हणाली, "मी गेले तर ती दारातनं आत घेईल का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

आता राहिलेलं. वर मी "मी बरी आहे" असं लिहिलंय. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. दादाच्या अहवालाशी ताडून पाहायला मी माझंही रक्त दिलं होतं. त्यात तीच चूक निघाली, त्याच ओळीत. बाबाही पन्नाशीच्या आत गेले आणि सगळे दमा म्हणाले. तो दमा नसणार. माझं हृदय जरासं मोठं झालंय, जरासंच. दोन गोळ्या घेते, चालते, जिने चढते. तू तेव्हा "ठेवा" म्हणाली नसतीस, तर मीसुद्धा एक दिवस कुठेतरी कोसळले असते आणि आई आणखी कुणाला तरी बोलली असती.

आणखी काही उंदरांना आम्ही हृदय फुगायच्या आधीपासूनच अशाच गोळ्यांचं औषध पाण्यातून दिलं होतं. ते बरेच जास्त जगले.

आता तुला कळलं असेल, मी चहाला का उठले. ठकीचं रक्त तपासायला हवं. तिच्यात ती चूक असेल किंवा नसेल, दोन्ही शक्यता सारख्याच. ती सज्ञान आहे, तिचं तिनं ठरवावं. पण तिला सांगायचं कुणी? तू म्हणशील तर मी येते.

तुझ्यामुळे वेळेत सावध झालेली,
तुझी धाकटी नणंद


२ मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. एका बाईचा ब्लाऊज द्यायचा होता, ती दार वाजवून वाजवून गेली.

माझ्या आईलाही कधी बोलले नाही ते तुला लिहिते. त्या सकाळी तो म्हणत होता, "आज नको गं, अंग जड वाटतंय." मी म्हटलं, "नखरे पुरेत," आणि बूट पुढे केले. तेव्हापासून रोज जाग येते ती त्या बुटांनीच. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. ते बूट अजून डोळ्यांपुढून गेले नाहीत, पण आता सकाळी आधी खिडकी उघडते, मग ते आठवतात.

ठकीला मीच सांगितलं. तुला बोलवायचं मनात होतं, पण म्हटलं हे आईनंच सांगावं. तिनं तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आत्या उंदरांकडून चावून घेते आणि मी एका सुईला घाबरू?" लगेच जाऊन रक्त देऊन आली.

निकाल परवा कळला. आहे तिच्यात.

धीर मी द्यायला हवा होता, पण तीच मला म्हणाली, "आई, बाबांचं नाक आलं, बाबांचं घोरणं आलं, हेही आलं. निवडून घ्यायला काय दुकान आहे?" अशी बोलते गं ती. रात्री मात्र माझ्या कुशीत येऊन झोपली, लहानपणीसारखी.

तिचं हृदय आज अगदी नीट आहे. दरवर्षी तपासायचं, आकार बदलायला लागला की गोळ्या सुरू करायच्या. शर्यती नकोत, चालणं हवं तेवढं. हृदयाचे डॉक्टर सारखे कागद उलटेपालटे करत होते. म्हणाले, "इतक्या लवकर कसं लक्षात आलं? लोक आमच्याकडे कोसळल्यावरच येतात." ठकी म्हणाली, "बाबांकडून कळलं." डॉक्टर म्हणाले, "वा, पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मान डोलावली. बरं वाटलं, वन्सं. क्षणभर तो बाहेर बाकावर आमची वाट बघत बसलाय असं वाटलं.

तू आभार मानलेस, पण मी तेव्हा काही शहाणपणानं बोलले नव्हते. भयंकर राग आला होता आणि त्या रागातच "ठेवा" म्हणाले. तू त्याचं एवढं केलंस. माझ्या पोरीला तू वेळ मिळवून दिलास, त्याची परतफेड माझ्याच्यानं होणार नाही आणि मला ती करायचीही नाही. तू तुझ्या गोळ्या चुकवू नकोस, एवढंच.

आईंना घेऊन ये. त्या काय बोलल्या ते मी विसरले असं म्हणणार नाही, पण मुलगा त्यांचाही गेला होता. आमचा जिना अरुंद आहे आणि घर दुसऱ्या मजल्यावर. तू पुढे होऊन हात दे, मी मागून सांभाळते. चढताना त्यांना बोलू देऊ नकोस, धाप लागेल. काय बोलायचं ते वर आल्यावर, पाणी पिऊन.

वाट पाहते,
तुझी वहिनी,
आणि आईंची सून