फिकं आहे, अजून घाल

सोमवार, ४ मार्च

बारा किलो! बारा किलो काय फळीवरून उतरवायचेत? गुडघ्याचा डॉक्टर म्हणतो, आधी वजन कमी करा, मग ऑपरेशन. मी म्हटलं, गुडघा चालू देत नाही, वजन कसं उतरायचं? म्हणे, "तोंड बंद ठेवा, मावशी." याला कोण सांगणार, मला तोंड उघडायचाच पगार मिळतो!

एकोणीस वर्षं क्रीम चाखतेय. दोन बिस्किटांच्या मधे भरतात ते. पिंपात घोटून झालं की मिक्सरवाला वाटीत आणून देतो. मी 'चालेल' म्हटलं की पुढे जातं. नाही तर म्हणायचं, 'फिकं आहे, अजून घाल.' दिवसाला चाळीस वाट्या. प्रत्येकीतला चमचाभर पोटात.

डॉक्टरनं वही दिली — खाल्लेलं सगळं लिहा. त्या वहीत लिहिलं, क्रीम. खाली परत, क्रीम. संपलं. ही दुसरी वही माझी मी आणली. चौथीत शाळा सुटली, पण मनातलं लिहायला चौथी पुरते.

मंगळवार, ५ मार्च

आज चाखून थुंकलं. शिफ्टचे साहेब मागेच उभे! "मावशी, गिऱ्हाईक थुंकतं का? गिळल्यावर घशात काय राहतं, ते कोण सांगणार?"

गिळलं.

शनिवार, ९ मार्च

साहेबांकडे दुसरं काम मागितलं. म्हटलं, पॅकिंगला टाका. "टाकतो की. पण तिथं आठ तास उभं राहायचं. तिथं कुणालाच खुर्ची नाही, तुम्हाला कशी देऊ?"

म्हणजे बघा — चाखते म्हणून वजन. वजन आहे म्हणून ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही म्हणून उभं राहवत नाही. उभं राहवत नाही म्हणून चाखते. घाण्याच्या बैलाला तरी संध्याकाळी सोडतात!

रविवार, १० मार्च

लेक आली, नातीला घेऊन. चहा केला. लेकीनं एक घोट घेतला नि कप खाली ठेवला. "आई, हा चहा आहे की पाक?" मला तर नेहमीसारखा लागला.

मग सुरू. "तू मनावरच घेत नाहीस. जिभेवर ताबा म्हणून नाही." मी म्हटलं, तू उचल माझं मन नि घे त्याच्यावर काय घ्यायचं ते! तिकडे नातीनं माझ्या पिशवीतून तुटक्या बिस्किटांची पुडी काढली. तुटका माल आम्हाला फुकट मिळतो. सहा वर्षांची पोर, फ्रॉकचं बटण लागत नाही. लेक ओरडली, "पुरे!" पोरीनं ऐकलं नाही. तिच्याकडे बघत लेक मला म्हणाली, "आजीवर गेलीय."

जेवले नाही. भांडी आपटून घासली. पण त्या दोघी गेल्यावर पुडीतला चुरा मीच खाल्ला. लिहून ठेवते. खोटं कशाला?

गुरुवार, १४ मार्च

दवाखान्यात वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथं एक डॉक्टरीण जाड माणसांच्या मेंदूचा अभ्यास करते. माझ्या लेकीएवढी. पण बोलते नीट, वजनकाट्याकडे बघून नाही.

एका नळकांड्यात आडवं घातलं. कसलं ते खडखड! कमरेला जेमतेम मावले. वर फोटो दाखवतात — केक, मग खुर्ची, मग केक. तोंडात बारीक नळी. कधी गोड दूध, कधी साधं पाणी. हलायचं नाही. हसायचं नाही. मला चाळीस वाट्याच आठवत होत्या.

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरणीनं माझ्या मेंदूचा फोटो दाखवला. अक्रोडासारखा. "मावशी, केकचं चित्र दिसलं की हा इथला भाग उड्या मारतो. मिळणार, मिळणार! पण तोंडात गोड पडल्यावर जी मजा व्हायला हवी, ती फार कमी होते. मग माणूस त्या मजेच्या मागे आणखी खातो."

मी विचारलं, जन्मापासूनच असं?

"कुणाचं जन्मापासून असेल, कुणाचं खाऊन खाऊन झालं असेल. आधी कोणतं, ते आम्हालाही पक्कं कळलेलं नाही. सगळ्यांचं सारखंही नसतं. पण रोज तेच गोड खाल्लं की मेंदू दाद देईनासा होतो, असं दिसतं. मग तेवढ्याच दादेसाठी जास्त गोड लागतं."

"म्हणजे मी हावरट नाही?"

"नाही हो, मावशी."

रडू आलं. जिना उतरताना राग आला. घरचाच फितूर! वरात निघाली म्हणून नाचायचं नि नवरी दारात आली की झोपायचं! असलं डोकं घेऊन जायचं कुठं?

मंगळवार, १९ मार्च

चाळीस वाट्या. वजन अर्धा किलो वाढलं.

गुरुवार, २१ मार्च

डॉक्टरणीचं 'जास्त गोड लागतं' डोक्यातून जाईना. सकाळी मिक्सरवाल्याला म्हटलं, तुझ्या कपाटात पहिल्यांदाचा कागद आहे ना, क्रीमच्या मापांचा? काढ. त्यानं काढला. आता घालतो त्यापेक्षा साखर कितीतरी कमी! मी म्हटलं, कुणी वाढवली रे? तो बघतच राहिला. "तुम्हीच की, मावशी! तुम्ही 'अजून घाल' म्हणायचं, मी घालायचं. तुम्ही 'चालेल' म्हणाल तो आकडा पक्का. तुमची जीभ म्हणजे इथला कायदा."

दर वर्षी थोडी. एकोणीस वर्षं.

त्याच्याकडून दोन वाट्या करून घेतल्या, एक जुन्या कागदाची, एक आताची. मी जुनी चाखली. ओलं पीठ! काही म्हणजे काही लागलं नाही. पॅकिंगच्या बायकांना दिल्या, सांगितलं नाही कुठली कुठली. जुनी चाखून "छान आहे" म्हणाल्या. आताची चाखून एक ओरडली, "अगं बाई, दात शिवशिवले!"

पण जुनी वाटी अर्धी राहिली. आताची बोटानं पुसून संपवली. बोलत बोलत, न बघता.

मी बघत होते. मला नातीचं बटण दिसत होतं.

शुक्रवार, २२ मार्च

कामावर गेले नाही. ताप सांगितला. ताप नव्हता.

बुधवार, २७ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, हादरतील. खुर्चीत हललेसुद्धा नाहीत. "मावशी, तुमची जीभ मेलीय हे आम्हाला चार वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही जितकी साखर मागितली तितका खप वाढला. म्हणून तर तुम्हाला दुसरीकडे टाकत नाही."

खुर्चीचं कारण नव्हतंच!

जेवायच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवला, चिठ्ठी लिहिली, त्यांच्या टेबलावर ठेवून आले. — उद्यापासून मी एक चमचा चाखणार नाही. जुना कागद परत लावा. मला पॅकिंगला बसून काम द्या. शनिवारी भोंगा व्हायच्या आत उत्तर पाहिजे. तोंडी नको, लेखी.